अठ्ठावीस गेज

सकाळी सव्वासातला बाबांनी चहाचा कप ठेवला
टेबल संपलं होतं तिथे.
उजवा हात खुंटीवरच्या टॉवेलसारखा.
काय झालं विचारलं तर म्हणाले, बाराशे...
बाराशे...
मग तेही नाही.

एकतीस वर्षं नोट प्रेसला.
छापून आलेल्या तावावर डोळा फिरवायचा,
आकडा केसभर सरकला की तिथे बोट ठेवायचं, एवढंच काम.
आडनाव पगार. त्यावर सगळे हसून झालेले.

द्वारकेला अँब्युलन्स अडकली
तेव्हा तुम्हाला आत्ता सुचली ती उपमा
मला सुचली नाही.
पुढच्या छोट्या हत्तीत कोबीच्या जाळ्या होत्या,
त्या मी मोजल्या. सत्तावीस.

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात
डॉक्टर मणियार फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या,
डावीकडच्या मोठ्या वाहिनीत गुठळी आहे.
जांघेतून आत जायचं, मानेतून वर,
धरायची, ओढून आणायची.
तासाभरात ठरवा. नाही, आत्ता ठरवा.

मी अंबडला मोटारी भरतो.
जळालेलं वाइंडिंग काढायचं, नवं भरायचं.
दुसरं काही येत नाही म्हणून विचारलं,
तार किती गेजची?
त्यांनी तेव्हा कागदावरून मान वर केली.
इंचाचे चौदा हजारांश.
म्हणजे अठ्ठावीस गेज.
म्हणजे माझ्या फळीवरचं तिसरं रीळ.
सही केली.

पुढचं सगळं टेक्निशियन हेमराजनं सांगितलं,
नंतर, जिन्यात, चहा पिताना.
पुढे तार, तिच्यावरून नळी, नळीत मिटलेली जाळी.
धातू निराळा तिचा:
गार असताना मऊ, म्हणाल तसा वळतो,
रक्ताची ऊब लागली
की आपला घडवलेला आकार आठवतो त्याला.
(बाबांना त्या वेळी माझं नाव आठवत नव्हतं.)
जाळी गुठळीच्या पोटात उघडायची
आणि मग थांबायचं.
पाच मिनिटं.
ओढायचं नाही. रुतू द्यायचं.

पाच मिनिटं मणियारबाई हात न हलवता उभ्या.
मणियार म्हणजे बांगड्या भरणारे.
भद्रकालीत आजोबांचं दुकान होतं म्हणे त्यांच्या.
पंजा चेपायचा, अंगठा आत दुमडायचा,
काच पुढे रेटायची नाही,
हातानंच काचेत यायचं.

पहिली खेप रिकामी.
पुन्हा सगळं खालपासून.
दुसरीला आली.
गॉझवर ठेवून मला दाखवली:
मनुकेएवढी नाही,
मनुकेच्या देठाएवढी.
एवढीशीच? मी मोठ्यानं म्हणालो असणार,
कारण सिस्टर म्हणाली, हो, एवढीशीच.

बाबा टेबलावर जागेच होते.
विचारलं, काका, नाव काय तुमचं?
ते छताकडे बघत राहिले.
मग जड जिभेनं, पण स्पष्ट:
ती तिसरी टाइल तिरकी आहे.
हेमराजनं वर पाहिलं.
होती.

बिल फोनवरून भरलं.
एवढी रक्कम, आणि एकही नोट
कुणाच्या बोटाखालून गेली नाही.
जाळी मागितली मी. मिळत नाही, म्हणाले,
एकदाच वापरायची, लाल पिशवीत जाते.
मला नुसता तिचा पीळ बघायचा होता.

सगळं परत आलं असं नाही.
हात आला, मी आलो, बाराशेच्या पुढचे आकडे आले.
सुरी आली नाही.
पेरू समोर घेऊन बसतात,
ते... ते कापायचं, म्हणतात, आणि हवेत बोट ओढतात,
चूक असलेल्या तावावर ओढावं तसं.
आईच्या हातात सुरी असते.
ती लगेच देत नाही.
शब्दही सांगत नाही.
थांबते.