मार्वे, भरतीची वेळ

तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली यायला
किती वेळ लागला, कोणी मोजलं नाही.
वर यायला दोन वर्षं चार महिने.
ते मोजलं वाघधरेबाईंनी, वहीत, बारीक अक्षरात:
आज बसल्या. आज वॉकर.
आज सात पायऱ्या, कठड्याला न धरता.

पाठीत सहा स्क्रू. मॉलच्या दारात मी वाजते.
साइटवर परत घेतलं नाही,
सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब दिला, आणि उशीवाली खुर्ची.

खाडीवर गेले ती भाचीसोबत.
आर्यमा आयत्या वेळी घाबरली,
आणि पैसे भरलेले, परत मिळणार नव्हते.
म्हटलं, पुढच्या रविवारचं माझं नाव लिहा.
डॉक्टरांनी चष्मा काढला, एक्स-रे उजेडाला धरला,
बराच वेळ धरला,
मग म्हणाले, हळू.

हळू होत नाही ते.

इग्नेस किणी बोटीतून ओरडला,
बाई, उठायचं नाय! बसून रहायचं!
गुडघे पोटाशी, हात सरळ, बोट उठवील तुम्हाला.
दोन वर्षं सगळे एकच सांगत होते, उठा, उठा,
आणि हा छप्पन्नाव्या वर्षी मला
पाण्यात बसायला शिकवत होता.

पडले. तोंडात डिझेल, खारफुटीचा चिखल.
पडले. डावी पट्टी मनोरीच्या दिशेने निघून गेली.
पडले, आणि थांबून चाचपलं:
मान, कंबर, बोटं.
काही मोडलं नव्हतं.
पडूनही काही मोडत नाही, हे मला
कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.
चौथ्यांदा जरा मुद्दामच पडले.

मग दोर ताणला गेला
आणि तळव्यांखाली पाणी घट्ट झालं.
स्लॅबला अठ्ठावीस दिवस लागतात,
रोज पाणी मारावं लागतं, गोणपाट ओलं ठेवावं लागतं.
हे तर पळता पळताच सेट होत होतं,
माझ्यापुरतं,
आणि मागे लगेच पुन्हा पाणी.
उभी होते का? असेन.
फेरीतल्या कोळणी टोपल्यांवर हात ठेवून बघत होत्या,
एकीने दुसरीला कोपर मारलं.

नऊ, किणी ओरडला.
नऊ सेकंद. मी बुडाले होते तोवर.

सोमवारी रजिस्टरवर वाकले
आणि नाकातून खाडी गळाली,
दोन थेंब, थेट अडीचशे गोण्यांच्या आकड्यावर.
शाई पसरली. साहेबांनी विचारलं, सर्दी?
हो म्हटलं.