नांद्रुकाची नवी पानं

कादराबादेत माझं दुकान, चार बाय सहा.
आता घड्याळ कुणी दुरुस्त करत नाही,
सेल बदलून नेतात,
म्हणून काउंटरवर जागा झाली
आणि तिथे अंबड रोडच्या अय्यूबभाईंनी आणून ठेवलं
वीतभर उंचीचं नांद्रुक.
त्यांच्या अब्बांच्या चावीच्या घड्याळाची मजुरी
मी घेतली नव्हती, त्याच्या बदल्यात.

ज्याच्या सावलीत दोन ट्रक उभे राहतात
तेच झाड, तबकात.
खोड बावीस वर्षांचं. पारंब्या दोऱ्याएवढ्या.

चैत्र लागला, शेंड्यांना नवी पानं आली
आणि धड उघडायच्या आधीच मिटली,
मधल्या शिरेवर दुमडून,
करंजीच्या कडा दाबाव्यात तशी.
जुनी पानं मात्र सपाट, चकचकीत,
जणू त्यांचा काही संबंधच नाही.

ज्यानं त्यानं निदान केलं.
झेरॉक्सवाले घुगे म्हणाले, लई पाणी घालता तुम्ही.
चहावाला पोरगा म्हणाला, पाणीच पडंना त्याला.
पोस्टातल्या निर्मळेबाई म्हणाल्या,
कूलरची हवा थेट लागते,
माणसाची मान धरते, हे तर पान.
तबकाच्या कडेला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर,
तो मीच ओळखला.
नळ आठव्या दिवशी येतो,
त्यातले दोन तांबे झाडासाठी काढू लागलो,
बायकोपासून लपवून.
कूलरचं तोंड फिरवलं.
रोज मातीत बोट खुपसलं.
पंधरा दिवसांत आणखी सात पानं मिटली.

अय्यूबभाईंना फोन केला.
"कामून हैराण होता?" म्हणाले.
"डोळ्याला भिंग लावता ना रोज?
मग पान उघडून बघा की."

चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांची पाठ उघडली,
पान उघडायचं सुचलं नाही.

चिमट्यानं एक पान सोडवलं, भिंगाखाली धरलं.
आत काळे, बारीक जीव,
सेकंदकाट्याच्या टोकाएवढे,
शेपूट वर करून चालणारे.
कडेला फिकट अंडी.
पानानं त्यांना घर दिलं नव्हतं,
त्यांनीच रस ओढत ओढत
पान घर होईपर्यंत वाकवलं होतं.

सगळं हलत होतं.
जरा जास्तच हलत होतं,
शीरसुद्धा, पानाची कडसुद्धा.

पान कागदावर ठेवलं.
शीर थांबली. कड थांबली.
किडे चालत राहिले.

मग रिकामा हात भिंगाखाली धरला.
अंगठा आणि पहिलं बोट
कसले तरी पैसे मोजत होते,
मला न विचारता.

दिवाळीपासून तीन स्क्रू हरवले होते.
मी ट्यूबलाइटला दोष दिला.
केसाएवढी स्प्रिंग बसेना,
स्प्रिंगला दोष दिला. चष्म्याचा नंबर बदलला.

दया करू नका, अय्यूबभाई म्हणाले होते,
मिटलेलं तेवढं सगळं खुडा,
पिशवीत घालून गाठ मारा, उन्हात टाका.
नंतर कडुनिंबाचं तेल, साबणाचे दोन थेंब,
तेही ऊन उतरल्यावर.
एकोणतीस पानं खुडली.
हात हलला म्हणून एक चांगलंही गेलं.
ते पिशवीत टाकवेना. खिशात ठेवलं.

रात्री बायकोनं विचारलं,
कळलं का झाडाचं?
कीड होती, म्हटलं. खुडून टाकली.
ती बघत राहिली. मी चहाची बशी
दोन्ही हातांनी धरली होती.
"आणि?"

आणि काय.
पाण्याचे दोन तांबे होते,
ते आधी सांगितलं.