चार बोटं

फाटकावरची फळी केयाकीची.
सेन्किची आजोबांनी बसवली तेव्हा
चार बोटं जाड, माणसाएवढी उंच,
आणि छिन्नीनं कोरून शाई भरलेलं नाव:
प्रांतिक रेशीम प्रशिक्षण शाळा.
मेइजीचं चव्वेचाळिसावं वर्ष.
पैसा कोषांवरच्या करातून आला होता,
म्हणजे खिंडीपलीकडच्या पोरींच्या
उकळत्या घंगाळात पांढऱ्या पडलेल्या बोटांतून.
हे कोरायला कुणी सांगितलं नाही.

नाव बदललं की आजोबांना बोलावणं यायचं.
नव्या फळीची मंजुरी कधीच मिळायची नाही.
मग जुनीच उतरवायची, आडवी टाकायची,
अक्षरांचा तळ लागेपर्यंत रंधा मारायचा.
शाळेचा 'शा' सालपट होऊन
त्यांच्या मांडीवर गुंडाळून पडायचा.

पुढून रंधली. मागून कधीच नाही.
मागे त्यांची पेन्सिल आहे.

"खिळे महागले."

"आता महाशाळा झाली. कुराशिना मास्तर दोनदा आले,
'महा' जरा मोठं काढा म्हणाले.
सगळी अक्षरं सारखीच काढली."

"शोवा एकोणीस. 'रेशीम' काढून 'तंतू' घातलं.
आज बघायला कुणी थांबलं नाही.
वर्गात खुंट्यांवर सतरा टोप्या.
तुती उपटून रताळी लावलीत.
रताळी बरी आलीत."

त्याखाली एक ओळ खोडलेली.
मी भिंग लावून पाहिलं, दिव्याखाली धरलं.
त्यांनी नीटच खोडली आहे.

"शोवा पंचवीस. विद्यापीठ.
मिझोगुची नावाची मुलगी आपणहून शिडी धरायला आली.
म्हणाली, मी पहिल्या तुकडीतली.
मी उतरेपर्यंत शिडी हलू दिली नाही."

पुढचं अक्षर माझ्या वडिलांचं, तिरकं, घाईचं:
"पोरांनी फळी अडथळ्याला लावली होती, अकरा आठवडे.
परत दिली. पाठीवर सिगारेटचा डाग.
कुणाचा, विचारलं नाही.
आपलाही मुलगा आत होता."
म्हणजे माझा थोरला भाऊ. घरी हा विषय कधी निघाला नाही.

मग विद्यापीठाचं महामंडळ झालं.
वडिलांनी शेवटचा रंधा मारला,
फळी खिडकीसमोर उभी धरली आणि म्हणाले,
आता आणखी एकदा घासली
तर पलीकडचं दिसेल.

या वसंतात शेजारच्या प्रांताच्या विद्यापीठात आम्ही मिळालो,
की ते आमच्यात मिळाले,
यावर सात बैठका झाल्या.
फाटकावर पोलादी पत्रा लागला, कोपऱ्यात एक चिन्ह.
कोष आहे की ढग, कळत नाही.

फळी माझ्या टेबलावर आली.
मी दफ्तरखान्यात, निवृत्तीला दोन महिने.
फॉर्म भरायचा होता: वस्तू की दस्तऐवज?
समजा वस्तू, तर लाकूड, भंगार की फर्निचर?
दस्तऐवज, तर पृष्ठसंख्या?
मी 'दस्तऐवज' वर खूण केली,
पृष्ठसंख्येत लिहिलं: एक, पाठपोट.
साहेबांनी न वाचता शिक्का मारला.
साहेबांचे आभार.

दुपारी डबा घेऊन फाटकाशी बसले होते.
पत्र्यासमोर नव्या मुलांचे फोटो चालले होते.
एक उंच मुलगा, गळ्यात टाय उलटा,
भिंतीतली जुन्या खिळ्यांची भोकं बघत म्हणाला,
इथं आधी काय होतं, मावशी?

तोंडात घास होता.
मी हात वर करून चार बोटं दाखवली,
मग अंगठा आणि तर्जनी
जवळ, आणखी जवळ आणली.

त्याला वाटलं, चार वर्षं भुर्रकन जातील असं सांगतेय.
वाकून नमस्कार करून
तो आत गेला.