बारा मिलिमीटर

मिंदेलोत वारा सुट्टी घेत नाही,
म्हणून एर्मिनिउच्या दुकानाचं दार दोरीनं बांधलेलं.
आत मी: एका हातात टॉर्च, दुसऱ्यात दातांच्या डॉक्टरचा जुना आरसा,
गिटारच्या पोटात डोकावतोय.

काय दिसतं, तो ओरडून विचारतो.
(त्याच्या मते सगळ्यांनाच कमी ऐकू येतं.)
पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या, सरसाचे ओघळ,
एक मेलेली माशी,
आणि पेन्सिलीनं लिहिलेलं कुणाचं तरी नाव, अर्धंच.

गिटार झुलेइकाची.
दर शुक्रवारी ती बंदरावरच्या खानावळीत गाते
आणि काटेचमचे तिच्यावर कडी करतात.
माइक पुढ्यात ठेवला तर तो वाराच जास्त ऐकतो.
म्हणून हा पिकअप: घोडीवरच्या हाडाखाली सरकवायची
काडीएवढी पट्टी, तिची वायर, वायरीचा जॅक.
जॅकसाठी तळाशी भोक.
"केवढं?"
"बारा मिलिमीटर," मी म्हणालो.
तिनं तळाच्या गुंडीवर अंगठा ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.
पैसे तीन हप्त्यांत. पहिला हप्ता, एक ट्यूना.

बावीस वर्षं एर्मिनिउनं गोदीत जहाजांचा गंज ठोकून काढला.
डावा कान तिथेच राहिला, उजवा उधारीवर चालतो.
गिटार ऐकायची तर तो तिच्या कडेला दात टेकवतो,
हलकेच, गरम कणीस चाखून बघावं तसे,
आणि मला म्हणतो, वाजव.
गिऱ्हाईक दाराकडे वळेपर्यंत मात्र थांबतो.

ड्रिल आधी उलटं फिरव. पॉलिशचा टवका उडेल.
जीव मुठीत, आणि मूठ ड्रिलवर.
भुसा पडला तो तपकिरी, मग एकदम फिका,
आतलं लाकूड इतकं कोवळं असेल असं वाटलं नव्हतं.

जेवढं खाली घातलं तेवढं हाड घासून कमी करायचं.
मी नव्वद वेळा घासलं.
ऐंशी पुरे होते.
दुसरी तार मुकी झाली.
एर्मिनिउनं शिवी दिली, सिगारेटचा कागद फाडला,
घडी करून हाडाखाली सारला,
दात टेकवले.
बरं आहे, म्हणाला. बरं म्हणजे बरंच, चांगलं नाही.

शुक्रवार.
पहिल्याच सुराला स्पीकरमधून हूंऽऽऽ उठलं,
लोकांनी कानांवर हात ठेवले, कुत्रं टेबलाखाली गेलं.
एर्मिनिउ तेवढा मान वर करून बघत राहिला
दाराकडे, छताकडे,
कुणी हाक मारली म्हणून.

झुलेइका वळून बसली, स्पीकरकडे पाठ,
गिटारच्या तोंडात हातरुमाल कोंबला.
आणि मग सगळंच ऐकू आलं:
तारेवरून घसरणारं बोट, ब्लाउजचं बटण लाकडावर टकटक,
लांब ओळीआधी तिनं बरगड्यांत भरलेला श्वास.
पट्टीला निवड कळत नाही.
काटेचमचे थांबले.
पूर्ण नव्हे, कोपऱ्यातला एक नॉर्वेजियन खातच होता.

एर्मिनिउ उठला, खुर्ची ओढत स्पीकरपाशी गेला,
खोक्याला पाठ टेकून बसला, डोळे मिटून.
तीन गाणी.
चौथ्याच्या मध्यावर, ती अगदी हळू असताना,
तो मला उद्देशून केवढ्यांदा ओरडला,
"दुसरी अजून कमीच आहे रे!"

ती थांबली. हसली. पुन्हा सुरू झाली.
उद्या सकाळी तारा उतरवायच्या.