श्रेणी तीन

फॉर्मात रकाना आहे: वास्तुरचनाकाराचे नाव.
मी लिहिते, एडविन हॅझल्डाइन.
साहेब मान वर न करता विचारतात, कोण हा?
कोणी नाही, सर.

श्रॉपशरच्या एका बाजारगावात त्याने
चर्चची गळकी बाजू दुरुस्त केली,
धान्यबाजारावर छप्पर घातलं,
आणि पाद्र्याच्या मेव्हण्याला घर बांधून दिलं,
ज्याचे पैसे आलेच नाहीत.
मग बोट. मग मुंबई.
पगार दुप्पट, कामं तीच.

मोठ्या इमारती मोठ्या नावांकडे गेल्या.
ह्याच्याकडे आल्या चौक्या, जकातीचं नाकं,
ट्रामच्या घोड्यांचा तबेला,
आणि माझगावच्या चढावरचा हा दवाखाना.
एकदा एका स्पर्धेत दुसरा आला.
दुसऱ्याचं काही उभं राहत नाही.

नकाशे रेकॉर्डरूममध्ये कापडावर आहेत,
घडीवर कसरीने खाल्लेले.
सही त्याची, लफ्फेदार.
रेषा मात्र धैर्यवानांच्या. गजानन धैर्यवान, ड्राफ्ट्समन, पगार रुपये बावीस.
कोपऱ्यात पेन्सिलीने, मोडीत, बारीक:
"साहेबास पायरीजवळ त्यांचे गावचे काटेरी जनावर पाहिजे.
साळिंदर सांगितले. एलप्पाने पाहिलेले नाही.
फणस सांगितला."

म्हणून दवाखान्याच्या दाराशी
मालाडच्या पिवळ्या दगडाचा एक फणस आहे,
चार पायांचा,
नाक कुठे ते कळत नाही.
साहेब रागावला असेल? हसला असेल?
बिलात कपात नाही, एवढं मी पाहिलंय.

आत डॉक्टरांच्या खोलीत त्याने शेकोटी काढली होती.
मुंबईत. भिंतीत कमान, वर धुराडं, सगळं यथासांग.
कंपाउंडर मुणगेकर तिथे सलाईनचे खोके रचतात.
म्हणाले, मॅडम, जागा चांगली आहे, ओल येत नाही.
मी खोके बाजूला करवले,
टेपसकट हात आत घातला.
खोली एक फूट दहा इंच.
वर, खूप वर, चवलीएवढा उजेड.

हात बाहेर काढला तर बोटं काळी.

म्हणजे पेटवली होती.
एकदा तरी. ह्या घामट शहरात
कुणीतरी लाकडं आणवली, कोट चढवला,
दारं लावून घेतली आणि विस्तवासमोर बसून राहिला.
धैर्यवानांना माहीत असणार.
त्यांनी त्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही.

स्थापत्यमूल्य: सामान्य.
श्रेणी: तीन.
शेरा: दोन ओळींची जागा, तीही साहेबांसाठी.
मी नळाखाली हात धुतले. साबण नव्हता.

बाहेर केसपेपरची रांग पायरीपर्यंत आलेली.
तापाने लाल झालेलं एक पोर
आईचा पदर सोडून
फणसाचा पाय धरून उभं होतं.
पाय गुळगुळीत झालाय तिथे.
ते माप घ्यायचं राहिलं.