खारीचा वाटा

इलाही मोमीन यांनी तिच्या छातीभोवती टेप धरला
आणि सवयीनं विचारलं, फिटिंग की सैल?
मोती चौकात शाळेची दप्तरं शिवणारा माणूस.
दिवाळीच्या सुट्टीत दप्तराचं काम कुठलं, म्हणाले,
आणा कुत्रीचंच.
चोवीस इंच.
पोटाखालचा पट्टा मऊ घ्या, मी म्हटलं,
तिथं ऑपरेशनचे टाके होते.
खारी उभी राहिली
बालवाडीच्या दारात मूल उभं राहतं तशी,
पळायला वाट आहे का, एवढंच डोळ्यांत.

उद्या लक्ष्मीपूजन.
गेल्या वर्षी त्या रात्री ती कपाटामागच्या वीतभर फटीत शिरली,
कपाट सरकवायला गल्लीतली चार माणसं लागली.
त्याच्या आदल्या वर्षी न्हाणीघराच्या दारावर
तिच्या नखांच्या रेघा उठल्या.
आम्ही रंग काढला नाही त्यावर.
यंदा मी किकलीहून दूध आणणाऱ्या सर्जेराव शेडग्यांना विचारलं,
चंदनगडावर फटाके ऐकू येतात का हो?
त्यांनी माप कॅनवर ठेवलं, बराच वेळ विचार केला
आणि म्हणाले,
दिसतात.

तर चाललोय.

सॅक दोनदा भरली, दोनदा उपसली.
टाक्यात पाणी आहे, पण शेवाळलेलं,
मी उकळून पिईन, ही तेवढा धीर धरणार नाही,
म्हणून तिचंही पाणी घरचं. सहा लिटर म्हणजे सहा किलो,
यात कसली सूट मिळत नाही.
वाळलेल्या गवतात आता कुसळं असणार,
पंजात शिरली तर आत आत जात राहतात.
भुवया कोरायचा चिमटा घेतला.
आयोडीन. माझे जुने मोजे, चारही तिच्यासाठी.
गळपट्ट्याचं घुंगरू काढून ठेवलं,
कारण समोरच्या लोखंडेकाकू गॅलरीतून म्हणाल्या,
बिबट्याचा डबा घेऊन चाललीस की गं!
हसले खरी.
मग दोरी दुप्पट जाड घेतली
आणि ठरवलं, रात्री ती तंबूत, मधोमध.
एका माणसाच्या तंबूला मध नसतो,
ते तिथं गेल्यावर बघू.

आई दोन दिवस बोलली नाही.
लक्ष्मी घरात यायची रात्र आणि घरातली बाहेर.
आज दुपारी तिनं ओट्यावर एक पुडी ठेवली:
भाजणीच्या चार चकल्या, तिखट नाही, मीठ नाही.
कुणासाठी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
शेजारी होमिओपॅथीच्या बाटलीत तेल,
वात, आणि कागदात गुंडाळलेली पणती.
वर लाव एक, म्हणाली,
तू कुठं आहेस ते तिला कळायला नको?

संध्याकाळी दप्तराची तालीम.
डावीकडे भात, उजवीकडे भांडं आणि पाण्याची बाटली.
पहिल्यांदा ती पुतळा झाली.
मग चालली, आणि स्टूल पाडलं,
आपण आता रुंद झालोय हे तिला ठाऊक नव्हतं.
ओझं उजवीकडे कलतंय.
एक मूठ कोरडं खाणं डावीकडे.
थोडं जास्त झालं. अर्धी मूठ परत.
रोज लॅबमध्ये लोकांचं रक्त थेंबावर मोजते मी,
पण असा हात कधी थरथरला नाही.

तेवढ्यात गोडोलीकडून पहिला बार.
कुणाला तरी उद्यापर्यंत धीर नव्हता.
दप्तराची बक्कलं तिच्या अंगावर वाजू लागली,
बारीक, दात वाजावेत तशी.
मी काही बोलले नाही. कपाटाकडे बघत राहिले.
ती कपाटाकडे गेली,
थांबली,
दप्तर त्या फटीत मावेना.

मग फिरून आली आणि माझ्या अर्ध्या भरलेल्या सॅकमध्ये
तोंड खांद्यापर्यंत खुपसून उभी राहिली.

स्वेटर ठेवायचा राहिलाय अजून. दोन टॉर्च, काडेपेटी.
राहू दे.
उद्या सकाळी नऊला शेडग्यांचा टेम्पो
रिकामे कॅन एकमेकांवर आदळत येईल,
केवढा आवाज असतो तो,
सगळी आळी कानांवर हात ठेवते.
त्या आवाजाला मात्र ही
शेपूट हलवते.