चौथा दिवस

बारापात्रेचा ठेला चुकवायला
मी आता मेडिकल चौकाकडून वळसा घेतो.
भर मे महिन्यात. दुपट्टा डोक्याला, कानाला, तोंडाला.
ओठ झाकले की त्यांना
काही मागता येत नाही, असं आपलं मी समजतो.

खिशात बडीशेप.
काडेपेटीही आहे. ती अजून फेकली नाही.
दोन बोटांमधल्या जागेत पेन धरून पाहिला,
चमचा धरला, काल एका फाईलवरून
उगाच ओरडलो,
तेव्हा चित्रलेखाबाईंनी काही न बोलता
संत्रागोळी पुढे सरकवली.

रात्री तीनला जाग.
छाती खरवडणारा खोकला, कूलरची घुंघुं,
आणि एकदम
ओल्या वाळ्याचा वास.
"नवा वाळा कधी लावला?"
ही अंधारातच म्हणाली,
"मार्चमध्ये. तुम्हीच तर आणला इतवारीतून."

पडून राहिलो मग.
काय काय आणलं असेल मी या घरात
आणि वास न घेताच ठेवून दिलं.

सकाळी आठवलं,
बारापात्रेची चाळीस रुपये उधारी बाकी आहे.
द्यायला तर पाहिजे.
हिलाच पाठवतो.